ज्यानं त्यानं आपल्या घरासमोरचा तट

आमच्या प्रार्थनामंदिरात रीत आहे. बायबलातलं एक पुस्तक पाळकसाहेबांसमोर दहा मिनिटांत, हातात काही न धरता सांगायचं. जमलं तर वर्षभर बायकांना ते तुम्हीच शिकवायचं. मला नहेम्याचं पुस्तक हवं होतं. धाकट्या जावेलाही तेच. ती शाळेत शिकवते. मी तिसरी नापास, पण चाळीस वर्षं नवऱ्याच्या बरोबरीनं गवंडीकाम केलंय. दोन महिने सून मोठ्यानं वाचत होती, मी ऐकून पाठ केलं.

थोरली म्हणून पहिली पाळी माझी. उभी राहिले नि थेट यरुशलेमच्या तटाला हात घातला. मेंढेदरवाजा याजकांनी बांधला, पुढचा तुकडा...

"जाऊबाई, हा तिसरा अध्याय!" धाकटी ओरडली. "पाया सोडून छपरावर चढलात!"

बायका फिदीफिदी हसल्या. चूक माझीच. गवंड्याला भिंत दिसली की आधीची राजाची गोष्ट दिसत नाही.

"थर वाकडा गेला तर गवंडी रडत नाही," मी म्हटलं. "उतरवतो, पुन्हा लावतो. ऐका आता."

मग राजाला प्याला देणारा नहेम्या सांगितला. यरुशलेमचा तट पडलाय ऐकून तो रडला, राजाकडून रजा घेऊन आला, रात्री गुपचूप पडझड पाहून गेला. मग काम वाटलं.

"पाळकसाहेब, ही नावांची यादी तुम्ही दरवर्षी गाळता. भिंतीतली वीट गाळून बघा! सोनार, अत्तरवाले, सगळे चिखलात. बहुतेकांनी आपापल्या घरासमोरचाच तुकडा बांधला. तिथं कोण कामचुकारपणा करेल? काही बड्यांनी कामाला मान वाकवली नाही, त्यांचीही नोंद आहे. आणि एकाबरोबर त्याच्या लेकी होत्या. लेकी!"

आता कुणी हसत नव्हतं.

"शत्रू म्हणाला, कोल्हा चढला तरी तट कोसळेल. यांनी एका हातात हत्यार धरलं, दुसऱ्यानं काम केलं. बावन्न दिवसांत तट उभा! मग देवाचं नियमशास्त्र वाचलं, लोक रडले, तर नहेम्या नि याजक म्हणाले, रडू नका, आज आनंदाचा दिवस. त्याच तटावरून गात मिरवले. आणि त्या कोल्हेवाल्यानं मंदिरातच खोली बळकावली, तेव्हा नहेम्यानं त्याचं सामान बाहेर भिरकावलं. संपलं."

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. यादी गाळल्याबद्दल त्यांनी आधी कान पकडले, मग पुस्तक माझ्या हातात दिलं.

"शिकवाल खरं," धाकटी पुटपुटली, "पण वाचणार कोण?"

"तू आहेस की. तुझ्या घरासमोरचा तुकडा तू बांध. आणि ओळंब्यात, सरळ बांध, मी बघणार आहे."