चुन्यात न्हालेली बारव

मंजुळाबाई एकदा इरेला पेटली की तिला अडवायची वाडीत कुणाची टाप नव्हती. मोशीहून इंद्रायणी ओलांडून चाकणच्या वाटेला लागलं की ही वाडी, आणि वाडीच्या तोंडाशी जुनी दगडी बारव. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, बाजूला कोनाडे, कोनाड्यांत कोरलेले हत्ती. लग्न होऊन आल्यापासून मंजुळाबाईनं आपलं सगळं सुखदुःख या पायऱ्यांवर बसूनच बोललेलं.

त्या बारवेवर एका ठेकेदाराचा डोळा गेला. त्याला पुलासाठी घडीव दगड हवा होता आणि इथं तो आयता मिळत होता. "दिवाळीनंतर गाड्या लावतो," असं सांगून तो गेला. मंजुळाबाईनं तडक शाळेच्या मास्तरांना गाठलं आणि पुण्याला सरकारकडे पत्र लिहवून घेतलं. नवल म्हणजे उत्तर आलं! गुरुवारी पुरातत्त्वाचे साहेब बारव बघायला येणार. त्यांना पटलं, तर ती सरकारी संरक्षणात जाणार. मग ठेकेदाराला एक चिराही हलवता येणार नव्हता.

'बघायला येणार' एवढं ऐकलं आणि बाईनं पदर खोचला. पोरीला बघायला पाहुणे येतात तेव्हा आपण घर तसंच ठेवतो का? बुधवारी सकाळीच तिनं चुनाभट्टीवाल्या कादरला हाक मारली.

"कादरभाऊ, गाडीभर चुना आणा. सायबाचं डोळं दिपलं पायजेत."

"वैनी, नक्षीच्या दगडाला चुना?"

"मग काळीकुट्ट दाखवायची व्हय?"

कादर शहाणा माणूस, त्यानं सरळ गाडी जुंपली. संध्याकाळपर्यंत पायऱ्या पांढऱ्या, कोनाडे पांढरे, हत्ती तर सोंडेपासून शेपटीपर्यंत पांढरेफेक.

गुरुवारी साहेब एसटीतून उतरले ते थेट बारवेशी आले. मंजुळाबाई कौतुकाची वाट बघत उभी. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाई, जुनी बारव कुठे आहे?"

"ही काय!"

साहेब मटकन पायरीवर बसले. "यात दगड दिसत नाही, नक्षी दिसत नाही. जुनी आहे असं मी कशाच्या आधारावर लिहू? पाचच्या गाडीनं मला परत जायचंय."

मंजुळाबाईला आता उमगलं. ठेकेदार दिवाळीनंतर करणार होता ते आपणच करून बसलो की! एरवी अख्ख्या वाडीला धाकात ठेवणाऱ्या त्या बाईला हमसून रडू आलं.

कादरनं कोनाड्यातल्या हत्तीवरून ओलं बोट फिरवलं. खालचा काळा दगड दिसला.

"वैनी, चुना कालचाच हाय, अजून धरला न्हाई. पाण्यानं निघंल. पर आजच."

बाईनं डोळे पुसले आणि अशी हाळी दिली की घराघरांतून बायका धावल्या. कुणी विटकर आणली, कुणी काथ्या. साहेब ओरडले, "घासायचं नाही! फक्त ओलं फडकं. लेकराचं तोंड पुसता ना, तसं."

मग जुनी लुगडी फाटली, बादल्या हलू लागल्या. पांढरं पाणी आत पडू नये म्हणून कादरनं खाली घमेली मांडली. तीनच्या सुमाराला बघावं तर साहेबही बाह्या सारून हत्तीचा कान पुसत बसलेले. चुन्याबरोबर वर्षानुवर्षांची दिव्यांची काजळीही निघाली, आणि हत्तींच्या पायाशी एक ओळ उघडी पडली. दगडातली बदकं! वाडीत ती कुणीच कधी पाहिली नव्हती.

"अगं बाई!" मंजुळाबाईनं तोंडाला पदर लावला. "तीस वर्सं हितं बसून सासूच्या कागाळ्या केल्या. ह्या मेल्यांनी सगळं ऐकलं की!"

साहेब पोट धरून हसले. बदकं मोजता मोजता त्यांची पाचची गाडी चुकली आणि भाकरी मंजुळाबाईकडे झाली.

दिवाळीच्या आधी सरकारी संरक्षणाची निळी पाटी लागली. दिवाळीनंतर ठेकेदाराच्या गाड्या आल्या, पाटीपाशी थबकल्या आणि रिकाम्याच माघारी गेल्या. मास्तरांनी पाटी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. तोडफोड करू नये, दगड हलवू नये, आणि सगळ्यात शेवटी, चुना फासण्यास सक्त मनाई आहे.

सगळ्यांच्या माना मंजुळाबाईकडे वळल्या.

"वैनी," कादर म्हणाला, "ही वळ सरकारनं खास तुमच्यासाठी लिवली."

तिला वाचता येत नव्हतं. "कंची?" तिनं विचारलं. मास्तरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मंजुळाबाईनं पदराचं टोक बारवेच्या पाण्यात भिजवून आणलं आणि त्या ओळीवरची गाड्यांची धूळ लेकराचं तोंड पुसावं तशी पुसून काढली.