रोबोटच्या पायांवर पाणी

"तार आली. वाक," मी म्हणाले.

राजपाल गुडघ्यात वाकला, कारण कमरेत वाकायची सोय मी त्या फोममध्ये ठेवलेली नव्हती. विजेची तार त्याच्या डोक्यावरच्या लाल शिंगांवरून सरकली आणि मागं नवरदेवाच्या भावकीतली पोरं शिट्ट्या मारायला लागली. एवढा मोठा रोबोट आपल्याला मुजरा करतोय असं त्यांना वाटलं असणार. वरातीला येताना अक्कल घरी खुंटीला टांगून यायची, अशी आमच्या भालकीत रीतच आहे.

नवरदेव लग्नाआधी वाजतगाजत मारुतीला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. पूर्वी त्याला घोडा आणि बँड पुरायचा. मग डीजे आला. आता पुढं रोबोट नाचल्याशिवाय पोराच्या बापाची छाती फुगत नाही. रोबोट म्हणजे फोम, चिकटपट्टी आणि दिव्यांच्या माळा. बुटांच्या तळाला वीतभर उंचीचे लाकडी ठोकळे. आत घाम गाळणारा माणूस माझा नवरा. त्याला आतून खालचं काही दिसत नाही, म्हणून बाजूनं पाण्याची बाटली धरून चालते ती मी. खड्डा आला, तार आली, कुणाचं पोर पायात आलं, सगळं मी सांगायचं.

ह्या वेडाचं मूळ एका खेळात आहे. राजपाल पोरगा होता तेव्हा बिदरला, नौबादच्या एका कॉम्प्युटर सेंटरवर कामाला होता. तिथं एक सीडी होती. जपानी कार्टूनात असतात तसले अवाढव्य रोबोट, आणि आपण त्यांच्या छातीत बसून बंदूक चालवायची. आपण पडद्यावर दिसतच नाही. नुसती बंदूक दिसते आणि पायाखाली काडेपेट्यांएवढी घरं. मध्येच बशीएवढ्या डोळ्यांची, गुलाबी केसांची पोरगी येऊन इंग्रजीत रडते. काय म्हणून रडते ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. सेंटर बंद पडलं, तिथं खेळणारी पोरं बापाच्या पैशावर कंत्राटदार झाली, आणि माझ्या नवऱ्यानं तो जुना कॉम्प्युटर तेवढा घरी आणला. चाळिशी ओलांडलेला बाप्या जेवण झालं की जग वाचवायला बसतो. मोरीतला नळ गळतोय, तो वाचवायला त्याला वेळ नसतो.

बरं, जग तरी धड वाचवावं. त्या खेळात रस्त्यावर माणसं पळत असतात. रोबोटच्या पायाखाली आली की पापड मोडल्यासारखा आवाज होतो आणि संपतात. त्याबद्दल काही शिक्षा नसते. बाकीची पोरं त्यांना मुद्दाम तुडवायची. शिवप्रसाद नावाचा एक होता, तो तर शत्रू सोडून आधी माणसांच्याच मागं लागायचा. आणि आमचे हे कडेकडेनं चालतात. माणूस आडवं आलं की थांबतात, थांबले की मागून गोळी बसते आणि मरतात.

"कामून थांबलास?" मी विचारते.

"खाली माणूस हाय की."

"ते खोटं हाय."

"म्हाईत हाय मला," म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

उसाचा ट्रॅक्टर दिसला की गटारात उतरून उभा राहणारा माणूस हा. भावानं घराची भिंत आमच्या अंगणात सरकवली, तर ह्यानं त्याला विटा उचलू लागल्या. आता खेळात चार मजल्यांची उंची मिळाली तरी ह्यानं कडच धरायची. लोक म्हणतात, गरीब स्वभावाचा आहे बिचारा. त्यांना काय जातंय म्हणायला. मला ह्या स्वभावाची चीड येते, आणि ती मी त्याला रोज ऐकवते.

आजचा नवरदेव प्रशांतकुमार हा त्याच शिवप्रसादचा पुतण्या. शिवप्रसादचे आता कारखान्यावर उसाचे ट्रक चालतात. डीजेवाल्यामार्फत आलेली ही सुपारी घेऊ नको, असं मी राजपालला सांगितलं होतं.

"त्याला मी कुठं दिसायलोय," तो म्हणाला. "फकस्त काय बी झालं तरी माझं डोकं काढू देऊ नगं. त्याच्यापुढं तर न्हाईच."

लग्न झाल्यापासून त्यानं माझ्याकडं हट्टानं मागितलेली ही एकच गोष्ट. त्यामुळं मी आज शिंगांवर नजर ठेवून चालले होते.

दिवेलागणीला परण्या म्हाताऱ्या गंगव्वाच्या दारापाशी आला आणि तिथं घोटाळा झाला. स्वामींची पालखी दारावरून गेली की आमच्याकडच्या बायका भोयांच्या पायांवर तांब्याभर पाणी घालतात आणि डोकं टेकतात. गंगव्वानं जन्मभर ते केलेलं. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. समोर दिव्यांनी लखलखलेलं काहीतरी उंच, आणि मागं वाजंत्री. ती तांब्या घेऊन ओट्यावरून उतरली, सरळ रस्त्याच्या मधोमध आली आणि तिनं रोबोटच्या दोन्ही पायांवर पाणी ओतलं.

"स्वामी, लेकराबाळावर नजर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि तिनं फोमच्या बुटावर कपाळ ठेवलं. डाव्या पायाचे दिवे विझले.

"काय झालं गं?" आतून राजपालनं विचारलं.

मी मानेपाशी तोंड नेलं. "गंगव्वानं पायावर पाणी घातलंय तुझ्या. डोस्कं टेकवून बसलीय. हलू नगं."

तो हलला नाही. राजपालची आई, माझी सासू सावित्रीबाई, ह्याच गंगव्वाच्या रानात खुरपायला जायची. तहान लागली की गंगव्वा तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत पाणी सोडायची, तांब्याला ओंजळ लागू नये म्हणून. आईबरोबर गेलेला राजपालही तसंच प्यायलेला आहे. त्याला तो आवाज ओळखू आला नसेल असं मला वाटत नाही.

मागं डीजेच्या गाडीनं हॉर्न लावला. शिवप्रसाद गर्दी ढकलत पुढं आला. पांढरी पँट, मनगटात सोन्याचं कडं, तोंडात मावा.

"ए रोबोट, थांबलास कामून? मुहूर्त टळायलाय."

"खाली म्हातारी हाय," मी म्हणाले.

"मग वलांडून जा म्हण त्याला."

रोबोट जागचा हलला नाही. शिवप्रसादनं त्याच्या छातीवर टकटक केलं. "कोण हाय बे आत?" म्हणत त्यानं शिंगांना हात घातला. मी त्याचा हात धरला. भर रस्त्यात, परक्या बाप्याचा. त्यानं तो झटकला आणि डोकं उपसून काढलं.

राजपालचे केस कपाळाला चिकटलेले होते. तो उजेडात डोळे मिचकावत उभा राहिला.

"आरं, राजपाल हाय की ह्यो," शिवप्रसाद हसत सुटला. "नौबादच्या सेंटरवरचा. खेळात बी असाच मधीच थांबायचा अन् मरायचा." बघ्यांचे मोबाइल वर झाले. तेवढ्यानं त्याचं भागलं नाही. तो गंगव्वाकडं वाकला. "अक्का, कुणाच्या पाया पडलीस कळलं का? सावित्रीचा पोरगा हाय. तुझ्या रानात खुरपायला येत व्हती, ती."

गंगव्वानं मान वर केली. पदरानं कपाळ पुसलं, नीट, दोनदा. मग ती ओट्यावर गेली, कोपऱ्यातली राख घेतली आणि तांब्या घासायला बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या वेळी त्या बाईची, त्या वरातीची, त्यांच्या घोड्याची सुद्धा किळस आली.

शिवप्रसादनं आवाज खाली आणला. "हे बघ, राग मानू नगं. मारुतीपतोर रोबोट पायजेच, फोटोवाला हाय पुढं. पर देवळापाशी तू असलास तर म्हातारे कुरकुर करतेत. तू भाईर निघ, हे हावगेप्पाला घालू दे."

हावगेप्पा म्हणजे डीजेचा जनरेटर सांभाळणारा. तो शर्टाच्या बाह्या सारत पुढं आलाच. मी राजपालच्या पाठीवरचे बंद सोडायला हात घातला, कारण मला माझा नवरा माहीत आहे.

"ऱ्हाऊ दे ते," राजपाल म्हणाला.

मला वाटलं मला काहीतरी चुकीचं ऐकू आलं. त्यानं शिवप्रसादपुढं हात केला. "डोकं दे."

शिवप्रसादनं दिलं. राजपालनं ते घातलं नाही, काखेत धरलं. दुसरा हात मागं नेऊन बॅटरीचं बटण दाबलं. सगळे दिवे गेले.

"ह्यात मी हाय," तो म्हणाला. "मी न्हाई तर ह्यो बी न्हाई."

"भालकीत परत सुपारी मिळायची न्हाई तुला," शिवप्रसाद म्हणाला.

आम्हाला घरी जायला बस धरावी लागते, आणि बस स्टँड मारुतीच्या पलीकडं आहे. राजपाल परण्याच्या पुढून, उघड्या चेहऱ्यानं, त्याच वाटेनं चालायला लागला. मी बाटली घेऊन मागं धावले. तो रस्त्याच्या मधून चालला होता आणि समोरचे लोक बाजूला होत होते.

"कडंनं चल," मीच म्हणाले. जिभेची सवय.

"कामून? खाली कुणी न्हाई," तो म्हणाला.

देवळापाशी मी एकदा मागं बघितलं. गंगव्वा अजून तांब्या घासत होती. तिच्या दारापासून आमच्यापर्यंत सिमेंटच्या रस्त्यावर मधोमध मोठी चौकोनी ओली पावलं उमटली होती, आणि नवरदेवाच्या घोड्याला मारुतीला यायला दुसरी वाट नव्हती.