प्रवचनाच्या मध्येच गीत

आमचे हे पाळक, आणि चर्चमधली पेटी वाजवायचं काम माझ्याकडे. काल जेवताना आमचा खटका उडाला.

“मत कुणाला द्यायचं ते उद्या प्रवचनात सांगणार. अन्याय दिसत असताना गप्प बसू?”

“अन्यायावर बोला की! देवाला प्रचाराला कशाला जुंपता?”

आज यांच्या पसंतीचा उमेदवार पहिल्याच बाकावर होता. यांनी त्याच्याकडे पाहून घसा खाकरला. नाव ओठांवर येतंय तोच मी गीत सुरू केलं. सवयीनं सगळे उभे राहून गाऊ लागले, उमेदवारसुद्धा.

शेवटचं कडवं संपलं. यांनी पुन्हा तोंड उघडलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

देवाच्या नावानं माणसाचं तोंड बंद करणं इतकं सोपं असतं, हे मला माहीत नव्हतं.