वासिदीचे पाय

आमच्या गल्लीत जमीन खचते आणि समुद्र घरात येतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी आम्ही मुरूम टाकून घरातली जमीन उचलून घेतो. छप्पर मात्र तिथंच राहतं. मी आता माझ्याच दारातून वाकून ये-जा करते. नवऱ्यापुढे कधी वाकले नाही, ती दारापुढे वाकले.

चित्रं काढणारी किनांती सेमारांग शहरातून आली, तेव्हा माझ्या टपरीवर तिला कॉफी देत मी विचारलं, "चित्रांनी पाणी थांबतं होय गं?"

"नाही थांबत, सुमार्तीमावशी. पण बघणाऱ्याला दिसतं तरी."

तिची युक्ती साधी होती. प्रत्येक घराच्या आतल्या भिंतीवर घरातलं एक माणूस काढायचं, खऱ्या उंचीचं, पाय जमिनीला टेकलेले. जमीन उचलली की ते माणूस गाडलं जाणार. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. शहरातले साहेब आले की त्यांना वेगळं काही सांगायला नको. रंग कालवायला अख्खी गल्ली बसली. माझ्या भिंतीवर मी स्वतःलाच काढून घेतलं, आणि त्या बयेनं मला होते तेवढीच जाड काढली.

शेजारच्या रुक्मीआजीनं आपल्या गेलेल्या नवऱ्याला काढून घेतलं. उंचापुरा वासिदी, खांद्यावर जाळं. त्याची कबर समुद्रानं केव्हाच गिळली होती. रमजानच्या आधी आम्ही सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतो, तेव्हा आजी नुसती बांधावर उभी राहून पाण्याकडे बघायची. त्या वर्षी तिनं फुलं चित्रातल्या पायांवर वाहिली.

पुढे मुरूम आला. आम्ही सगळे भिंतींवर गुडघ्यापर्यंत गाडले गेलो. आजीनंही घर भरून घेतलं, पण वासिदीच्या पुढ्यातला पट्टा तसाच ठेवला. तिथं खड्डा झाला. भरती आली की तो भरायचा, घरभर ओल चढायची, आणि आजी वाडग्यानं उपसत बसायची. तिला खोकला जडला, तो हटेना.

मी चिडले. "आजी, चित्रापायी जीव द्यायचाय का?"

"एकदा पुरलंय त्याला," ती म्हणाली. "पुन्हा नाही पुरणार."

मी किनांतीला निरोप धाडला.

ती आली, खड्ड्याच्या काठावर बसली आणि बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, आजोबा दमले असतील उभं राहून. वरच्या जमिनीवर बसवू का त्यांना?"

"आणि तुझी युक्ती?" मी विचारलं.

"बाकीच्या भिंती आहेत की, मावशी."

आम्ही खड्डा भरला. किनांतीनं जुनं चित्र पुसून वासिदीला पाय पसरून जाळं विणत बसवलं. आजीनं पायांशी फुलं ठेवली, मग हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला. उभा होता तेव्हा तिचा हात तिथवर पोचत नव्हता. मला बघवेना, मी छपराकडे बघितलं. ते डोक्याला टेकत होतं.

"पुढच्या वेळी आणखी मुरूम पडेल, तेव्हा?" मी बोलून गेले.

"तेव्हा त्याला निजवा," आजी म्हणाली. मग किनांतीकडे वळली. "आणि पोरी, त्याच्या शेजारी थोडी भिंत मोकळी ठेव. मी काही जाड नाही या सुमार्तीसारखी."