यंदाचं खपाचं नाव

“मुलगीच आहे गं, दिवा कशाला मोठा करतेस?”

सुईणीचा तो आवाज जन्मनोंदणीच्या कारकूनबाईंच्या कानात पन्नास वर्षं मुक्कामाला होता. त्यांच्या धाकट्या बहिणीला जन्मताच मिळालेलं ते पहिलं अंगाईगीत.

आज खिडकीपलीकडे एक सुतार उभा होता. शेजारी बायको, तिच्या कुशीत महिन्याचं ऊबदार गाठोडं आणि बोटाला दोन मुली.

“नाव?”

“इति. लहानसं, मॉडर्न. सध्या जोरात आहे म्हणे.”

“जोरात म्हणजे? यंदाचं एकविसावं!” शिक्केवाला हसला. “आमच्या बाईंनीच आणलंय बाजारात. पोरींच्या रांगेला ब्रेक!”

सुतार हसला. बाईही हसल्या. आठ वर्षांपूर्वी एक बाप तिसऱ्या मुलीचं नाव ‘नकोशी’ लिहायला निघाला होता. बाईंना गलबलून आलं होतं. त्यांनी त्याच अर्थाला झालर लावून हे दोन अक्षरी नाव सुचवलं. मग वाऱ्यावर रुईची म्हातारी उडावी तसं ते उडालं, अन् अंगणाअंगणात रुजलं.

“पण बाई, अर्थ काय हो त्याचा?” बायकोने विचारलं. “हे मला धड सांगतच नाहीत.”

“पूर्णता,” बाई सवयीने म्हणाल्या.

थोरली टाचा उंचावून खिडकीत डोकावली. “आमच्या वर्गात तीन इति होत्या. तिघींनाही नुसत्या ताया. मग एकीला भाऊ झाला. आता ती शाळेत येत नाही, त्याला झोपवते.”

“गप गं, चोंबडे!” सुतार खेकसला.

बाईंचे कान तापले. चष्मा पुसायच्या निमित्ताने त्यांनी मान खाली घातली, ती वर येईना. गाठोड्यातून एक इवली मूठ बाहेर आली होती.

“मारू का शिक्का?”

“थांब.” त्यांनी अर्ज स्वतःकडे ओढला.

“अहो बाई, मागे रांग आहे,” सुतार म्हणाला.

“असू दे.” त्या बाळाच्या आईशी बोलत होत्या, पण नजर टेबलावरच होती. “पोरी, मी आत्ता खोटं बोलले. पूर्णता वगैरे काही नाही. मुली बास झाल्या म्हणून हे नाव ठेवतात. तुझ्या नवऱ्याला ठाऊक आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझ्यासारखी जी जी विचारायला आली, तिला मी असंच फसवलं.”