दोरीबाहेर गेलेलं विमान

गवंड्याची पोर आज पहिल्यांदाच लांबच्या विमानात सहवैमानिक होती. गवंड्याने भिंतीवरच्या नकाशात दोन्ही विमानतळांवर खिळे ठोकून सुतळी ताणली होती. आठ तासांचा प्रवास, नाकासमोरचा रस्ता! आयुष्यात त्याची एक भिंत दोरीबाहेर गेली नव्हती. मोबाइलवर पोरीचा प्रवास दाखवणारं ते इवलंसं विमान मात्र दोरी सोडून वर उत्तरेकडे, बर्फाच्या दिशेने निघालं होतं.

"भरकटलं गं! नाहीतर कुणीतरी पळवलं!"

"अहो, गप्प बसा. तिला कळतं," बायको म्हणाली, पण तिनेही मोबाइल स्वतःकडे ओढून घेतला.

गवंड्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी एकदाचा फोन वाजला.

"बाबा, उतरलो."

"दोरी सोडून कुठे उलथली होतीस?" तो कडाडला.

"बाबा, पृथ्वी गोल आहे. सुतळी चेंडूवर ताणून बघा, तोच जवळचा रस्ता."

"मग हा नकाशाच वाकडा म्हण की!"

तणतणत त्याने खिळे उपटायला पक्कड उचलली. जन्मभर थापी धरलेल्या त्या हातातून ती दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बायकोनेच ती उचलली आणि त्याच्याकडे न बघता खिळे काढले.