आकड्याकडे बघू नकोस

माझ्या बहिणीला, नागलाला, कितीतरी वर्षांनी मूल झालं, तेही दिवस भरायच्या आत. अलेक्झांड्रियाच्या ज्या इस्पितळात तिची मुलगी काचेच्या पेटीत ठेवली होती, तिथल्या सगळ्या पेट्यांवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम आमच्याच कचेरीत लिहिलेला. "काळजी करू नकोस, पोरगी माझ्या नजरेखाली आहे," असं मी आईला ऐटीत सांगितलं होतं.

प्रत्येक पेटी आपले आकडे गाठोड्यात बांधून सर्व्हरकडे धाडायची. सर्व्हर गाठोडं सोडून ते पडद्यावर मांडायचा. सोडायचं काम एक लायब्ररी करायची, म्हणजे कुणा परक्यानं लिहून जगाला फुकट दिलेला कोड. त्या दुपारी मी या लायब्ररीबद्दलचा धोक्याचा इशारा वाचला. गाठोड्यात कुणी आकड्यांऐवजी हुकूम भरले, तर गाठ सोडता सोडता ही बया ते हुकूमही बजावत होती. कुणी धाडलंय म्हणून विचारायची पद्धतच नाही.

आमचे साहेब, शुक्री, इफ्तारसाठी घरी निघायच्या घाईत होते.

"इनास, रोजा डोक्यात चढलाय तुझ्या. आपल्या पेट्या, आपला सर्व्हर. मध्ये कोण येतंय कडमडायला?"

"उस्ताज, बाहेरून दार उघडं आहे. डॉक्टरांना घरून बघता यावं, पेटीची ऊब बदलता यावी, म्हणून आपणच ठेवलंय."

"आणि बंद केलं की डॉक्टर माझ्या नावानं शंख करणार! नर्सा बिचाऱ्या दिवसभर उपाशी असतात. एकीनं पडद्याशी बसायचं, बाकीच्यांनी निवांत दोन घास खायचे, म्हणून तर इस्पितळानं हे घेतलं. ईद होऊ दे गं बाई, मग बघू."

शुक्री माणूस वाईट नाही. पण 'ईद होऊ दे' हे आमच्याकडचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध, आणि मला त्याची भयंकर चीड आहे. ते गेले. मी सर्व्हरवर आलेली गाठोडी चाळत बसले.

एक गाठोडं कुठल्याच पेटीकडून आलेलं नव्हतं. मी ते न सोडता आतला मजकूर वाचला. आकडा एकही नाही, नुसते हुकूम. पडद्यावर कालचेच आकडे दाखव. इशाऱ्याची घंटा बंद ठेव. पेट्यांची ऊब वाढव.

सर्व्हरनं ते आधीच सोडलेलं होतं.

कुणी, कशासाठी, मला आजही ठाऊक नाही. कसंबसं बाहेरचं दार बंद केलं, पण आत शिरलेलं आतच होतं. वॉर्डातला फोन कुणी उचलेना. तेवढ्यात रेडिओवर रोजा सोडायची, इफ्तारची तोफ झाली. मी नागलाला फोन लावला; ती दिवसभर पेटीशेजारीच बसलेली असायची.

"अगं, खजूर तरी तोंडात टाकू दे की..."

"बाळाला हात लाव."

"का गं? नर्सनं आत्ताच पडदा बघितला. साडेछत्तीस, सगळं हिरवं. तूच म्हणालीस ना, तुझा प्रोग्रॅम..."

"आकड्याकडे बघू नकोस! पेटीची खिडकी उघड, हात घाल आत!"

खिडकी उघडल्याचा आवाज आला. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तोंडानं नुसतं या रब, या रब चाललं होतं.

"इनास... तव्यासारखी तापलीय गं."

"बाहेर काढ तिला! नर्सला सांग, सगळ्याच पेट्या उघडा!"

फोन खाली पडला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी डॉक्टरांना हाका मारत पळालं. मी पायात चपला न घालताच टॅक्सीसाठी धावले.

वॉर्डात पोचले तर पेट्यांच्या वायरी उपसून टाकलेल्या, आणि प्रत्येक आई आपलं पोर उघड्या छातीशी धरून बसलेली. नर्सा ओल्या फडक्यानं इवली डोकी पुसत होत्या. नागलाची मुलगी चिरक्या आवाजात रडत होती. ते रडणं ऐकून मी तिथंच फरशीवर बसले आणि मलाही रडू फुटलं.

नागला माझ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होती. तिच्या मुलीच्या नावापुढे अजून साडेछत्तीस होतं, हिरवंगार, आणि शेजारी नाडीची रेघ शांतपणे चालली होती.

तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं आणि रिकाम्या पेटीकडे बोट केलं.

"मग तिथं कोण आहे गं, इनास?"